विहीर उजवीकडे

त्या रविवारी बाबांनी यादीतल्या अकरांपैकी आठ नावं खोडली आणि एक नवीन लिहिलं, तेही शाईच्या पेनानं. म्हणजे अपील नाही.

"अकरा मळे आणि अडीच दिवस," ते म्हणाले. "बाईसाहेब, आपण वाइन चाखायला चाललोय की जनगणनेला?"

"पुस्तकांत सगळेच चांगले म्हणून दिलेत, बाबा."

"पुस्तक लिहिणाऱ्याला तीन महिने मिळाले असतील. आणि त्याचे गुडघे तिशीतले असतील."

बाईसाहेब म्हणजे त्यांची मुलगी. वय शेहेचाळीस, कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी, आणि कुठल्याही गोष्टीची सुरुवात पुस्तकापासून करायची खोड. पोहायला शिकायचं ठरवलं तेव्हाही तिने आधी पोहण्यावरचं पुस्तक वाचून काढलं होतं. पुस्तक संपलं, पोहणं राहिलं. या सहलीसाठी तिने तीन जाडजूड पुस्तकं घरी आणली होती आणि त्यांत इतक्या चिठ्ठ्या खोचल्या होत्या की ती मिटेनात.

सहलीची कल्पना मात्र बाबांची. त्यांनी अडतीस वर्षं एका छापखान्याच्या प्लेट-खोलीत काढली होती. चित्राची आणि मजकुराची फिल्म काचेच्या टेबलावर जुळवायची, खालून दिवा लावून तपासायची, चिकटपट्टीनं जागच्या जागी बसवायची आणि तिच्यावरून छपाईची प्लेट काढायची, हे त्यांचं काम. औषधांची खोकी, बिस्किटांचे कागद, शाळेचे नकाशे, सगळं त्या टेबलावरून गेलं; पण त्यात देखणं काम म्हणजे वाइनच्या बाटल्यांची लेबलं. बसनं चार तासांवर, टेकड्यांच्या उतारावर द्राक्षांचे मळे होते, तिकडून ती यायची. एकेका मळ्याचं फाटक, कमान, झाडन्‌झाड बाबांना पाठ होतं, आणि प्रत्यक्षात त्यातलं पानही त्यांनी पाहिलं नव्हतं.

"माझी गत लग्नपत्रिका छापणाऱ्यासारखी," ते म्हणत. "हजार लग्नं लावली, पण जेवायला एकदाही बसलो नाही."

यंदा डॉक्टरांनी सांगितलं होतं, छोटा प्रवास करायला हरकत नाही, पण दमू नका. बाबांनी त्यातलं पहिलं वाक्य घरी आणलं आणि दुसरं दवाखान्यातच ठेवलं.

टेबलावर तिघांचा नाश्ता उरकून पडला होता: अंड्याची टरफलं, पावाचा चुरा, चहाच्या कपांची वर्तुळं. त्या पसाऱ्यात नीट दिसत होतं ते फक्त बाबांचं पाकीट. छापखान्यात प्रत्येक कामाचं एक जाड तपकिरी पाकीट असे, दर्शनी बाजूवर कामाचा तपशील, आत प्रूफ आणि फिल्म. निवृत्त होताना बाबांनी तसली जुनी पाकिटं गठ्ठ्यानं घरी आणली होती, आणि घरातली कुठलीही योजना, मग ती भिंतींना रंग द्यायची असो की आईच्या औषधपाण्याची, अशाच एका पाकिटाच्या पाठीवर चौकटी आखून मांडली जाई. आई जाऊन नऊ वर्षं झाली, पण तिच्या गोळ्यांचं पाकीट अजून कपाटात होतं.

"दिवसाला दोन मळे," बाबा चौकटी भरत म्हणाले. "एक सकाळी, एक दुपारी. जीभ म्हणजे यंत्र नाही. आणि यंत्र असतं तरी एक शाई उतरवून दुसरी चढवायच्या आधी रोलर धुवावे लागतात. मध्ये पाव, पाणी, थोडं चालणं."

"चाखून थुंकायचं असतं म्हणे. त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं."

बाबांनी चष्मा काढला. "चार तास बसमध्ये हाडं खिळखिळी करून घ्यायची आणि तिथे जाऊन थुंकायचं? ते इथे फुकट होतं की."

"दादा, मी काय म्हणते," खिडकीशी बसलेली आत्या म्हणाली. ती त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान, दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि रविवारचा नाश्ता हा आपला जन्मसिद्ध हक्क समजायची. "वाइन म्हणजे शेवटी आंबलेली द्राक्षंच ना? बाजारातून किलोभर आण, खिडकीत विसर, आणि आठ दिवसांनी दोघं मिळून वास घ्या."

"तुला नेत नाही म्हणून जळू नकोस."

"मी कशाला जळू? मला बस लागते."

तारखेवरूनही बापलेकीत वाजलं होतं. तिला द्राक्षतोडणीच्या हंगामात जायचं होतं. तिन्ही पुस्तकांत त्या दिवसांचं वर्णन मोठं बहारीचं होतं. बाबांनी महिनाभर आधीची तारीख धरली. "परीक्षांच्या दिवसांत छापखाना बघायला पाहुणे आले, की आम्ही त्यांच्याकडे कसे बघायचो ते मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "तोडणीच्या आधी जाऊ. द्राक्षांना रंग चढत असतो आणि माणसांना बोलायला सवड असते."

तिने नकाशा टेबलामागच्या भिंतीवर लावायला घेतला. चिकटपट्टीचं रीळ उचललं, टोक दातांत धरलं आणि कचकन तोडलं.

"कात्री तिथेच पडलीय," बाबा म्हणाले.

"सवय."

"माहितेय मला."

नकाशा लागला. तिने वळून पाकिटावर नजर टाकली. सहलीच्या दुसऱ्या दिवसाच्या दुपारच्या चौकटीत ते नवीन नाव होतं, तिच्या अकरांत नसलेलं. मुद्दाम वगळलेलं. मळ्याचं नाव लांबलचक होतं, पण छापखान्यात त्याला सगळे 'घर-आणि-विहीर' म्हणत.

"तिथे जायलाच हवं का?" तिने शक्य तितक्या सहज विचारलं.

"अगं, तो तर माझा जुना ओळखीचा. फोन करून जागाही धरून ठेवलीय."

"आणि ही चौकट? चार ते पाच. रिकामी कशी?"

"वेस्टेज," बाबा म्हणाले. "हजार कागद छापायचे तर पन्नास जास्तीचे घ्यायचे. यंत्र मार्गी लागेपर्यंत थोडे वाया जातात. ते आधी धरले नाहीत, तर शेवटी काम कमी भरतं."

"म्हणजे सहलीतला एक तास वाया?"

"धरून ठेवलेला तास. काय होईल ते होईल."

तिने पुन्हा त्या चौकटीकडे पाहिलं आणि मनाशी ठरवलं: इथे. याच तासात बाबांना सांगायचं.

गोष्ट सत्तावीस वर्षांपूर्वीची. कॉलेजच्या सुट्टीत ती बाबांच्या हाताखाली प्लेट-खोलीत बसत असे. त्या दिवशी आईची शस्त्रक्रिया होती, बाबांना चारच्या आत दवाखान्यात पोचायचं होतं. टेबलावर घर-आणि-विहीरचं लेबल होतं: टेकडीच्या पायथ्याशी बुटकं घर, त्याच्या उजवीकडे विहीर. मजकुराची फिल्म बाबांनी बसवली होती, चित्राचा तुकडा तेवढा राहिला होता. फिल्मला एक बाजू चकाकती, एक निस्तेज. निस्तेज बाजू प्लेटकडे, हा त्या खोलीतला पहिला धडा. बाबा दाराशी फोनवर डॉक्टरांशी बोलत होते. त्यांची पाच मिनिटं वाचावीत म्हणून तिने तो तुकडा बसवून टाकला. चकाकती बाजू खाली. बाबा आले, मजकुराचा एकेक शब्द त्यांच्या रीतीप्रमाणे शेवटाकडून सुरुवातीकडे तपासला, सही केली आणि धावले. चित्र कोण वाचतं? घर डावीकडून बघा की उजवीकडून, घरच दिसतं.

चाळीस हजार लेबलं छापून गेली. बाटल्या भरायच्या आदल्या दिवशी मळ्याचे म्हातारे मालक एक गठ्ठा काखेत मारून छापखान्यात आले. "माझी विहीर डावीकडे गेली!" ते ओरडत होते. "माझ्या आजोबांनी खणलेली विहीर तुम्ही डावीकडे नेलीत!" ती दाराबाहेर चहाचा ट्रे घेऊन उभी होती. छापखान्याच्या मालकांनी विचारलं, "हे लावलं कुणी?"

आतून बाबांचा आवाज आला, "मी. सही माझी आहे."

तिने ट्रे खिडकीत ठेवला आणि ती जिना उतरून घरी गेली.

त्या वर्षी प्लेट-खोलीचा प्रमुख म्हणून बाबांचं नाव पुढे होतं. ते मागे पडलं ते कायमचं. बाबांनीच हाताला धरून शिकवलेला माणूस त्यांच्या वर बसला. "बरंच झालं," बाबा घरी म्हणाले. "जबाबदारी कमी, झोप जास्त." तेव्हाच सांगायचं, पण आई नुकती घरी आली होती. मग तिची कॉलेजची परीक्षा होती. मग आता सांगून काय उपयोग, असं झालं. उद्यावर ढकलता ढकलता केस पांढरे व्हायला लागले. आणि या सगळ्यात तिला छळायचं ते वेगळंच. त्या गडबडीत तो तुकडा आपणच लावला, असं बाबांना वाटत असणार. पुढे पुढे ते कुलूप दोनदा ओढून बघायला लागले होते. गॅस बंद केल्यावर पुन्हा हात लावून बघायचे. ज्या हातांनी एकदाही चूक केली नव्हती त्यांच्यावरचा त्यांचा विश्वास तिच्या गप्प बसण्यानं गेला, असं तिनं स्वतःशी पक्कं केलं होतं.

"पाकीट माझ्याकडे राहू दे," बाबा उठत म्हणाले. "आणि खिडकी लावून घे. वारा सुटलाय, तुझा नकाशा उडेल."

तिने खिडकी लावली. रविवार संपला.

मंगळवारी सकाळी बाबा औषधांच्या दुकानात महिन्याच्या गोळ्या आणायला गेले. तिथे क्रमांकाची चिठ्ठी घेऊन खुर्चीवर बसायचं, आकडा पुकारला की उठायचं. त्यांचा क्रमांक एकेचाळीस होता. "आम्ही हाक मारली," दुकानातली बाई नंतर तिला सांगत होती, "मग दुसऱ्यांदा मारली. मला वाटलं डुलकी लागली असेल." ती चिठ्ठी त्या बाईनं जपून ठेवली होती. ती तिने घेतली, चारदा घडी घातली आणि चष्म्याच्या घरात ठेवली. नंतर तिला ग्रंथालयातल्या मैत्रिणीनं विचारलं, तू रडलीस का? ती म्हणाली, अजून वेळ मिळाला नाही. तिला ते खरंच तसं वाटत होतं.

माणसं आली आणि गेली. आत्या एक पिशवी घेऊन राहायला आली, ती दोन पिशव्यांची झाली. दिवसा दोघी बाबांचं कपाट आवरायच्या. म्हणजे आत्या एकेक स्वेटर बाहेर काढायची, "हा द्यायचा," म्हणायची, आणि संध्याकाळी तोच पुन्हा आत ठेवायची.

तिसऱ्या आठवड्यात भिंतीवरच्या नकाशाकडे लक्ष गेलं तेव्हा सहलीला आठ दिवस उरले होते. दोन मळ्यांना आणि पाहुणघराला तिने फोन करून नकार कळवला. सगळे भले वागले. तिसऱ्या मळ्याचा फोन कुणी उचलेना. शेवटचा नंबर पाकिटाच्या पाठीवर बाबांच्या अक्षरात होता. तिने पाकीट समोर धरून तो लावला.

"नमस्कार. बावीस तारखेला दुपारी दोन जणांची वेळ घेतली होती, त्याबद्दल बोलायचं होतं."

"हो हो, एक मिनिट," पलीकडून बाईचा आवाज आला. मागे बाटल्यांची किणकिण चालू होती. "वीस, एकवीस... अगं बाई, मी तुम्हाला पुढच्याच महिन्यात लिहिलंय. झालं, गेली विहीर डावीकडे. थांबा, खोडते."

तिच्या हातातलं पाकीट टेबलावर टेकलं.

"काय म्हणालात?"

"खोडते म्हटलं."

"त्याच्या आधी."

बाई हसली. "ते होय! आमच्या घरातली म्हण आहे ती. चूक मोठी झाली, पण कुणाचा जीव गेला नाही, की आम्ही म्हणतो, विहीर डावीकडे गेली. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी लेबलवरचं चित्र उलटं छापून आलं होतं. माझे वडील चार दिवस धड जेवले नाहीत. पाचव्या दिवशी स्वतःच हसत सुटले आणि काही बाटल्यांना तीच लेबलं चिकटवली. अजून त्या वर्षाच्या सहा बाटल्या आहेत तळघरात. उलट्या घराचं वर्ष म्हणतो आम्ही त्याला. आता ती पिण्याजोगी राहिली नसेल, पण फेकवत नाही." मग ती थांबली. "अहो, तुम्ही त्या छापखान्यातल्या काकांची मुलगी का? त्यांनी फोनवर पहिलंच वाक्य ते टाकलं, तुमची विहीर डावीकडे नेणारा माणूस बोलतोय. कसले हसलो आम्ही दोघं!"

"बाबा गेले," ती म्हणाली. "उद्या तीन आठवडे होतील. मी रद्द करायला फोन केला होता."

किणकिण थांबली. बाईनं बहुधा कुणाला तरी हातानं खुणावलं असावं.

"फार वाईट झालं," ती हळू आवाजात म्हणाली. मग, "एक सांगू? मी तुमचं नाव आत्ता खोडत नाही. यायचं नसेल तर आदल्या दिवशी कळवा, तेही नाही कळवलंत तरी चालेल. आणि आणखी एक. तुम्हाला ठाऊक असेल कदाचित. चार ते पाच फाटकाजवळचा बाक मोकळा ठेवा, असं ते म्हणाले होते. त्या बाकावर बसूनच ते चित्र काढलंय. मी म्हटलं, काही खायला पाठवू का? तर म्हणाले, नको, त्या तासाला कुणीच येऊ नका. आम्हा दोघांचं तिथे एक काम राहिलंय."

तिने फोन ठेवला. कसलं काम? बाबांचं त्या मळ्याशी काय राहिलं होतं? पाकीट हातात होतं. तीन आठवडे ती त्याची पाठच बघत होती. आता तिने ते उलटलं.

दर्शनी बाजूवर, सत्तावीस वर्षांपूर्वीच्या तारखेखाली, त्याच मळ्याचं लांबलचक नाव होतं. खाली बाबांची सही.

गठ्ठ्यातलं कुठलंही पाकीट त्यांनी घेतलं नव्हतं तर. तिने ते उघडलं. आत एकच वस्तू होती, तळहाताएवढा फिल्मचा तुकडा. काळ्या फिल्मवर रेघा तेवढ्या पारदर्शक: टेकडी, घर, विहीर. चार कोपऱ्यांना जुन्या चिकटपट्टीचे चार तुकडे, पिवळे पडलेले. ती खिडकीशी गेली आणि फिल्म उजेडात धरली. बाबांची पट्टी नेहमी कात्रीनं कापलेली, काटकोनात, मापून घेतल्यासारखी. या चारही पट्ट्यांची टोकं वेडीवाकडी होती. एकीवर दोन दातांचे ठसे स्पष्ट उमटले होते.

"आत्या," तिने हाक मारली. "बाबांनी कधी चिकटपट्टी दातांनी तोडलेली पाहिलीयस?"

"दादानं?" आत्या हातात स्वेटर घेऊन दारात आली. "तो लहानपणी गोळीसुद्धा सुरीनं अर्धी करायचा. मोठा अर्धा मला. का गं? आणि तू अशी का उभी आहेस? बस बघू आधी."

ती बसली. त्यांना माहीत होतं. "मी, सही माझी आहे," म्हणाले तेव्हा नसेल कदाचित. पण त्यानंतर त्यांनी ही फिल्म प्लेट-खोलीतून काढून बघितली होती, आणि दाताचे ठसे बघितले होते, आणि पाकिटात ठेवून पाकीट घरी आणलं होतं. सत्तावीस वर्षं ते तिची वाट बघत होते. विचारलं कधीच नाही. मग निवांत बसायला एक बाक शोधला, आणि एक तास धरून ठेवला.

आणि ते दोनदा ओढून बघितलेलं कुलूप? ते म्हातारपण होतं बहुतेक. नुसतं म्हातारपण.

"आत्या, मी जातेय," ती म्हणाली. "बावीस तारखेला. त्या एकाच मळ्यावर."

आत्यानं तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या स्वेटरकडे. "एकटी जाशील आणि पुस्तक वाचत बसशील. मी येते."

"तुला बस लागते."

"लागू दे. वाटेत लिंबू घेऊ."

बावीस तारखेला दोघी पहाटेच्या बसनं निघाल्या. पाकीट तिच्या पिशवीत होतं, पुस्तकं घरी. आत्याला बस लागली, लिंबानं थांबली, पुन्हा लागली. टेकड्या सुरू झाल्या तसे उतारावर वेलींचे मांडव दिसू लागले, ओळीनं उभे, एकसारख्या अंतरावर, आणि तिला वाटलं, बाबा म्हणाले असते, मांडणी स्वच्छ आहे.

मालकीण फाटकाशीच भेटली. साठीकडे झुकलेली, उन्हानं रापलेली, रबरी बूट घातलेली. तिने काहीएक विचारलं नाही, दोघींना सावलीत बसवलं, पाव आणि पाणी ठेवलं आणि तीन पेल्यांत बोटबोटभर ओतलं. आत्यानं पहिला घोट घेतला आणि डोळे मिटून घेतले.

"हे आंबट आहे."

"थोडं असतंच तसं," मालकीण म्हणाली. "आधी आंबट लागतं, मग हळूहळू बरं वाटायला लागतं."

"म्हणजे माझ्याच स्वभावाचं निघालं," आत्या म्हणाली आणि पेला पुढे केला. मालकीण हसली. मग तीही हसली, चार आठवड्यांत पहिल्यांदा, आणि हसता हसता तिला तोंड फिरवावं लागलं. आत्या पेल्यात बघत राहिली.

चारला मालकीण उठली. आत्याला म्हणाली, "चला, तुम्हाला तळघर दाखवते. उलट्या घराच्या बाटल्या बघायच्यात ना?" आत्याचे गुडघे आणि जिना यांचं हाडवैर, पण ती मुकाट्यानं उठली. जाताना भाचीच्या डोक्यावर नुसता हात ठेवून गेली.

बाक फाटकाजवळ होता, लाकडी, एका बाजूला जरा खचलेला. ती उजव्या टोकाला बसली. डाव्या बाजूला एका माणसापुरती जागा उरली. समोर टेकडी होती, पायथ्याशी बुटकं घर, दारात कुणाचे तरी बूट वाळत घातलेले. आणि घराच्या उजवीकडे विहीर.

तिने पाकिटातून फिल्म काढली आणि एक डोळा मिटून समोर धरली. रेघांतून आभाळ दिसलं. चित्रातली विहीर डावीकडे होती, खरी उजवीकडे. तिने फिल्म उलटी केली, निस्तेज बाजू पलीकडे, घराकडे. थोडी जवळ, थोडी लांब. टेकडीची रेघ टेकडीवर बसली. घर घरावर बसलं. विहीर सरकत सरकत तिच्या जागी आली. वाऱ्यानं फिल्म हलली, की चित्र क्षणभर सुटायचं आणि पुन्हा बसायचं.

द्राक्षांना रंग चढत होता. काही मणी हिरवे, काही जांभळे, एकाच घोसात. दूर कुणीतरी झारीनं पाणी घालत होतं. घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती. तास अजून बराच उरला होता, पण तिला आता ढकलायचं नव्हतं.

तिने फिल्म खाली घेतली, मांडीवर ठेवली, आणि बाकावरच्या मोकळ्या जागेकडे तोंड करून, शेजारच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली,

"बाबा, ती फिल्म मी लावली होती. तुम्ही फोनवर होतात, तेव्हा. ट्रे घेऊन मी दाराबाहेर उभी होते, आणि मी आत आले नाही."